सिस्टर, पेशंट जेवला का?

वाचकहो, आजचा विषय एखाद्या औषधाचा किंवा ऑपरेशनचा नाही. दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाच्या मनात काय चालते आणि ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते, याविषयी आज लिहायचे आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात काम करीत होतो. बावन्न वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झाले होते. वेळेवर आले, उपचार लागू पडले, चौथ्या दिवशी कार्डिओग्राम सुधारला, रक्तदाब ठीक झाला. मी केसपेपरवर ‘प्रकृतीत सुधारणा’ असे लिहिले. सकाळी ओव्हर देताना रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “सर, आठ नंबरचे काका जेवत नाहीत. घरून डबा येतो तो शेजारच्या पेशंटला देतात आणि मुलाला रिकामा डबा परत करतात. रात्री तीन वाजता उठून बसतात. काल मला विचारत होते, मी गेलो तर सोसायटीचं कर्ज माफ होतं का म्हणून.”

मी काय म्हणालो असेन? “अटॅक आल्यावर कुणालाही टेन्शन येणारच, सिस्टर. जरा धीर द्या त्यांना.” आणि पुढच्या खाटेकडे वळलो.

दोन दिवसांनी त्याच सिस्टरना चादर बदलताना गादीखाली कागदाच्या पुडीत बांधलेल्या गोळ्या सापडल्या. रक्त पातळ ठेवण्याच्या, रक्तदाबाच्या, सगळ्या. काका गोळी जिभेवर ठेवायचे, पाणी प्यायचे आणि सिस्टर पुढे गेल्या की काढून ठेवायचे. सिस्टर रागावल्या नाहीत. त्या रात्री तीन वाजता स्टूल ओढून त्यांच्याजवळ दहा मिनिटे बसल्या. कर्ज होते, मुलीचे लग्न ठरत होते, आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की आता आपल्या हातून शेतीचे काम व्हायचे नाही, आपण घरावर बसून खाणार. ‘महिन्या-दीड महिन्यात हळूहळू चालायला लागाल, पुढे बेताबेताने कामही करता येईल’ हे साधे वाक्य त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी तर नाहीच. मी ‘सुधारणा’ लिहिण्यात गुंतलो होतो.

मग मनोविकारतज्ज्ञांना बोलावले, उपचार सुरू झाले आणि काका सावरले. तीन महिन्यांनी ओपीडीत आले तेव्हा त्यांनी माझी चौकशी केली नाही. “त्या रात्रीच्या सिस्टर कुठं हायेत?” एवढेच विचारले. त्यांची तोवर बदली झाली होती.

मनाचा शरीराशी संबंध असतो हे आपण सगळेच म्हणतो, पण तो किती थेट असतो याची कल्पना फार थोड्यांना असते. अमेरिकेत १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग झाला. त्यांच्या टाळूला सुट्टीच्या दिवसांत एक लहानशी जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहिले. तशीच जखम पुढे परीक्षेच्या दिवसांत केली. परीक्षेच्या काळात ती भरायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. माणूस तोच, जखम तेवढीच. आता एखाद्या बाईच्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे, घरी दोन लहान मुले आहेत आणि नवरा दारू पिऊन वॉर्डात येऊन भांडतो आहे, तिच्या टाक्यांचे काय होत असेल याचा विचार करावा.

ताणाच्या वेळी शरीरात जी संप्रेरके वाढतात त्यांनी रक्तातील साखर वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते. मधुमेह असणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला पुढे कधी ना कधी नैराश्य गाठते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १९९३ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य होते त्यांना पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, हृदयाची कमजोरी वगैरे इतर कारणे जमेस धरूनही, चौपटीच्या घरात निघाला. यात गूढ काही नाही. ज्याला जगण्यात राम वाटत नाही तो गोळ्या वेळेवर घेत नाही, पथ्य पाळत नाही, चालायला जात नाही, तंबाखू सोडत नाही. शिवाय झोप आणि संप्रेरके यांचा परिणाम वेगळाच.

येथे एक खुलासा करायला हवा. दवाखान्यात आलेला प्रत्येक दुःखी माणूस नैराश्याचा रोगी नसतो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भीती वाटणे, कॅन्सरचा रिपोर्ट ऐकून रडू कोसळणे, बिलाच्या काळजीने झोप न येणे हे माणसाचे स्वाभाविक वागणे आहे. माणूस भेटायला आला, चार शब्द बोलला की त्याला बरे वाटते, नातवाला पाहून तो हसतो. नैराश्यात तसे होत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकून राहते. पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात रमत नाही. पहाटे लवकर जाग येते. अन्न गोड लागत नाही. आपण सगळ्यांना भार झालो, आपलेच चुकले, असे घोकणे सुरू होते. असा पेशंट नातू आला तरी भिंतीकडे तोंड करून पडतो.

आणि आपल्याकडे ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोण म्हणतो? आमच्या ओपीडीत माणूस सांगतो ते असे : डोकं जड झालंय, अंग मोडून येतंय, छातीत धडधडतं, हातापायांत त्राण नाही, घाबरल्यासारखं होतं, कशात जीव लागत नाही. बायका तर बहुधा कंबर, पाठ आणि अशक्तपणा यांच्याच तक्रारी घेऊन येतात. आम्ही ताकदीचे इंजेक्शन, कॅल्शियमच्या गोळ्या आणि एखादी सलाईन देतो. चार दिवस बरे वाटते, पाचव्या दिवशी तक्रार परत. मग कंपाउंडरपासून सगळेजण म्हणू लागतात, “त्यांना काही झालं नाही, सवयच आहे त्यांची.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर स्वतःही म्हटले आहे, की त्याची आता लाज वाटते.

उलटही घडते. वयस्कर आजोबा ऑपरेशननंतर एकाएकी गप्प झाले, जेवेनात, झोपून राहू लागले, की घरचे म्हणतात, ‘मनाला लावून घेतलंय’. पण हा बदल जर एका-दोन दिवसांत अचानक झाला असेल, दिवसभरात कधी बरे कधी वाईट असे होत असेल, संध्याकाळनंतर माणूस-वेळ-जागा यांची ओळख सुटत असेल, तर ते नैराश्य नसून मेंदूचा तात्पुरता गोंधळ असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, क्षारांचे कमी-जास्त होणे, लघवी तुंबणे, एखादे औषध असे काहीही असू शकते आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहणे जरूर असते. थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय यांनीही माणूस मलूल होतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर दिले जाणारे सायक्लोसेरीन हे औषध काही रुग्णांच्या मनःस्थितीवर परिणाम करते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. मात्र पेशंटमध्ये झालेला बदल प्रथम दिसणार कोणाला?

माझ्या मते याचे उत्तर एकच आहे. डॉक्टर राऊंडला येतो, एका खाटेपाशी दोन-तीन मिनिटे थांबतो आणि त्याच्यापुढे पेशंट नेहमी “बरं आहे साहेब” असेच म्हणतो. नातेवाईक असतात, पण त्यांच्यापुढे माणूस बोलत नाही, कारण त्याच्या काळजीचा विषय बहुधा तेच असतात. सिस्टर चोवीस तासांत कितीदा तरी त्याच्याजवळ जातात, त्याला आंघोळीआधी आणि इंजेक्शननंतर पाहतात, रात्री दोनला पाहतात. ताट परत जाते ते त्यांना दिसते. भेटीच्या वेळी कोणाकडे कोणीच येत नाही हेही त्यांनाच दिसते.

मग सिस्टरनी करायचे काय? फार काही अवघड नाही. जगभर वापरात असलेले दोन प्रश्न आहेत, ते आपल्या भाषेत असे विचारता येतील : “काका, गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, हताश वाटतं का?” आणि “पूर्वी ज्या गोष्टींत मन रमायचं त्यांत आता रमेनासं झालंय का?” यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर पुढे चौकशी करायची आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचे. सांगायचे तेही नेमके. ‘पेशंट उदास वाटतो’ असे सांगितले तर माझ्यासारखा डॉक्टर ‘धीर द्या’ म्हणून मोकळा होईल. ‘तीन दिवसांत दोनदा जेवले, पहाटे तीनपासून जागे असतात, गोळ्या लपवल्या, मरणाची भाषा केली’ असे सांगितले आणि नर्सेस नोट्समध्ये लिहून ठेवले, तर त्याला थांबावेच लागते.

आणि ऐकताना ‘काळजी करू नका’, ‘तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतले किती आहेत बघा’, ‘देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल’ ही वाक्ये शक्यतो टाळावीत. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला वाटते, यांना माझे ऐकायचे नाही. त्यापेक्षा स्टूलवर बसून, डोळ्यांकडे पाहून, “कशाची काळजी वाटते सांगा” म्हणावे आणि गप्प राहावे. उभ्याने बोलणारी व्यक्ती घाईत आहे असे पेशंटला वाटते. बसून घालवलेली दोन मिनिटे त्याला बरीच वाटतात, हा माझा अनुभव आहे. मग एखादी शंका त्या जागीच दूर करावी : घरी कधी जाता येईल, टाके कधी काढणार, ही नळी कशासाठी. पेशंटच्या निम्म्या भीतीचे कारण त्याला कोणी काही सांगत नाही हेच असते.

जिवाचे बरेवाईट करण्याविषयी विचारायला सिस्टरच काय, डॉक्टरही कचरतात. विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेले खूळ शिरेल अशी भीती वाटते. ही भीती खोटी आहे. विचारल्याने असा विचार निर्माण होत नाही, उलट पुष्कळांना कोणीतरी विचारले म्हणून मोकळे वाटते. “जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावं असं मनात येतं का?” असे सरळ विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. हे गुपित म्हणून पोटात ठेवायचे नसते, हे पेशंटलाही सांगावे.

आता जरा कटू बोलतो. विष घेऊन आलेल्या पेशंटला आपल्या वॉर्डात मिळणारी वागणूक चांगली नसते. पोलिसांत नोंद, नळी घालणे, रात्रीची धावपळ, या सगळ्याचा वैताग त्याच्यावर निघतो. “मरायचं होतं तर इकडं कशाला आलास?” हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे, सिस्टरांच्या तोंडून आणि डॉक्टरांच्याही. चार दिवसांनी विष उतरले की डिस्चार्ज. ज्या कारणाने त्याने विष घेतले ते कारण त्याच्याबरोबर घरी जाते. एकदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला पुन्हा तसे करण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त असतो, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवणे म्हणजे अर्धवट उपचार करून पाठवणे होय. कायदाही आता बदलला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. अशा व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असे त्या कायद्याने गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याचे, तिचे पुनर्वसन करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. जुन्या दंडसंहितेतील ३०९ हे कलम १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तसे ठेवलेले नाही. घरच्यांनी पोलिसांच्या धास्तीने ‘चुकून औषध पोटात गेलं’ असे सांगण्याचे काही कारण उरलेले नाही.

सिस्टरांच्या बोलण्याने खरोखर फरक पडतो का, की ही आपली भाबडी समजूत? स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या ५० मातांवर झालेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. २६ जणींच्या घरी परिचारिका आठवड्यातून एकदा, अशा आठ वेळा, केवळ ऐकून घेण्यासाठी व समुपदेशनासाठी गेल्या. त्यांपैकी १८ जणी बऱ्या झाल्या. नेहमीची सेवा मिळालेल्या २४ जणींपैकी ९ जणी बऱ्या झाल्या. आपल्या शेजारी गोव्यात तर याहून मोठे काम झाले. २४ दवाखान्यांतील सुमारे २८०० रुग्ण घेऊन ‘मानस’ नावाचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. आणि सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६६ टक्के निघाले, जिथे अशी व्यवस्था नव्हती तिथे ते ४२-४३ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही, हेही नोंदवायला हवे.

दुसरी बाजूही सांगतो. त्याच मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या १३७६ रुग्णांवर वर्षभर एक प्रयोग केला. महिन्यातून एकदा फोन, आणि ज्याला ताण जाणवला त्याच्या घरी परिचारिका. १९९७ साली निष्कर्ष आले. जगण्याचे प्रमाण वाढले नाही. स्त्रियांत तर निकाल जरा उलटाच दिसला. मी यातून एवढेच घेतो, की सिस्टर गोड बोलल्या म्हणजे झाले, असे समजू नये. त्यांच्यामागे औषध देणारा डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ आणि घरच्यांची साथ हवी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात चालू आहे, पण कार्यक्रम असणे वेगळे आणि आठ नंबरच्या काकांपर्यंत तो पोचणे वेगळे.

आणि पोचवणार कोण? रात्रपाळीला चाळीस खाटा, शिवाय जमिनीवरच्या गाद्या आणि सिस्टर एक. त्यात निम्मी रात्र रजिस्टरे भरण्यात. औषधांचे रजिस्टर, चादरींचे रजिस्टर, ऑक्सिजनचे रजिस्टर. पेशंटचा नातेवाईक येतो आणि “ओ बाई, सलाईन संपली ना!” असे खेकसतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत याच सिस्टर आणि ब्रदर घरच्यांपासून दूर राहून, अंगावर प्लास्टिकचे कपडे चढवून वॉर्डात राबल्या. तेव्हा आपण थाळ्या वाजवल्या. पुढे किती रिकाम्या जागा भरल्या? ज्यांचे स्वतःचे मन थकले आहे त्यांच्याकडून दुसऱ्याच्या मनाची विचारपूस होईल अशी अपेक्षा ठेवणे हे अन्यायाचे आहे. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य हा विषय असतो, पण नोकरी लागल्यावर त्याची उजळणी कोणी घेत नाही. जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी महिन्यातून एक दुपार सिस्टरांसाठी राखून ठेवली आणि प्रत्यक्ष पेशंटविषयी चर्चा केली तरी पुष्कळ होईल. सकाळच्या ओव्हरमध्ये ताप, नाडी, रक्तदाब यांच्याबरोबर ‘झोप, जेवण, बोलणे’ हे तीन शब्द आले पाहिजेत. कृपा करून त्यासाठी नवे रजिस्टर मात्र काढू नये.

घरच्यांनाही थोडे सांगायचे आहे. पेशंटसमोर बिलाचा हिशेब करू नका. दहा-दहा जणांनी खाटेभोवती उभे राहून कोण कशाने वारला याच्या गोष्टी सांगू नका. सिस्टरनी काही विचारले तर ‘आमच्या घरात तसं काही नाही’ असे म्हणून विषय बंद करू नका, घरी काय घडले ते सांगा. डिस्चार्जनंतरही पेशंट भिंतीकडे तोंड करून पडत असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न लागता, मराठीत बोलता येते.

नैराश्यावरील गोळ्यांविषयी एक गैरसमज नेहमी कानावर येतो, की त्या झोपेच्या असतात आणि एकदा लागल्या की सुटत नाहीत. या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वेगवेगळ्या. नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून एकदम बंदही करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. सुरुवातीच्या या दोन-चार आठवड्यांत पेशंटवर लक्ष ठेवायला घरात कोणीतरी जबाबदार माणूस हवे. गोळ्यांचे पाकीट त्यानेच स्वतःजवळ ठेवावे, गोळी समोर उभे राहून द्यावी, आणि जाता जाता गादीखालीही एकदा हात घालून पाहावा.